सव्वा महिना झाला, आता पाठवा

हे लिहिण्याआधी मी तुमच्या मावशीला विचारून घेतलं. ती बाळाला भरवत होती. म्हणाली, "लिही. पण आधी मला दाखव, आणि माझं रडणं फार लिहू नकोस." तिने वाचलं, दोन जागी खोडलं, आणि मग हे तुमच्याकडे पाठवते आहे. तुम्ही दोघं आता मोठे झालात. तिकडे शाळेतच शरीराचं सगळं शिकवतात, चित्रं काढून शिकवतात, असं तुमची आई सांगते. ते चांगलंच आहे. पण गेल्या वर्षी आपल्या परभणीच्या घरात जे झालं, ते चित्रात सापडणार नाही. आणि हे फक्त बहिणीसाठी आहे असं समजून नातवाने बाजूला ठेवू नये. त्यानेच आधी वाचावं.

झालं ते असं. मावशी बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. बाळ सुखरूप झालं. पण झरीला, तिच्या सासरी परत जायची वेळ आली तेव्हा ती जायला तयार होईना. कारणही सांगेना. तिचा संसार मोडतो की काय, या धास्तीत आमचे कितीतरी दिवस गेले.

सुरुवात मात्र बाळंतपणाच्या बरीच आधीची आहे. मावशीला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले. तिची सासरची माणसं शेतकरी, घरची हळद आणि सोयाबीन, शिवाय तुमच्या काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, झरीत ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. माणूस अबोल, पण सांगितलेलं काम नीट करणारा. पाचव्या महिन्यात, माघात, मावशीला एक दिवस थोडं रक्त दिसलं. काकांनी गाडी काढली आणि तिला थेट परभणीला आणलं. मी दवाखान्यात जाऊन थांबले होते.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, खाली सरकलेली आहे. पुष्कळदा पुढे आपोआप वर जाते. तोवर जड उचलायचं नाही, धक्क्याचा प्रवास नाही, आणि पती-पत्नी संबंध पूर्ण बंद. यजमानांना सांगा."

यजमान तेव्हा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभे होते. मावशी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली. मी पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत राहिले, चष्मा डोळ्यांवरच होता. काका औषधं घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "जावईबापू, पूर्ण विश्रांती सांगितली आहे." बाकीचं मावशीने गाडीत सांगितलं. ते कसं सांगितलं, ते मला पुष्कळ नंतर कळलं. ती म्हणाली होती, "आता माझ्या जवळ यायचं नाही. डॉक्टरांनी बंद केलंय." एवढंच.

काकांनी ते तंतोतंत पाळलं. पोराला धक्का लागू नये म्हणून ते पलंगावर बसेनासे झाले. वेगळ्या खोलीत झोपू लागले. सातव्या महिन्यात दुसरी सोनोग्राफी झाली, वार वर गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काळजी नाही, नेहमीसारखं राहा." नेहमीसारखं म्हणजे काय काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आम्ही पेढे वाटले.

त्याच महिन्यात डोहाळजेवण होऊन मावशी माझ्याकडे राहायला आली. चैत्र-वैशाखातली परभणी तुम्ही एकदा पाहिली आहे, कूलरसमोरून उठायला तुम्ही तयार नव्हता. त्या उन्हात ती दिवसभर पडून असायची, आणि ती संडासात गेली की मी दाराबाहेर काहीतरी काम काढून उभी असायची. पुन्हा रक्त दिसलं तर, हा एकच विचार. दर रविवारी काका झरीहून मोटारसायकलवर यायचे, पिशवीत काहीतरी घेऊन. कधी आंबे, कधी ताक. पुढच्या खोलीत तुमच्या आजोबांजवळ बसायचे. मावशी आतून बाहेर आली की उभे राहायचे, जसा एखादा पाहुणा उभा राहतो. मला वाटलं, किती सभ्य जावई.

आषाढात बाळ झालं. मुलगी. बाळंतपण साधंच झालं, पण बाळाचं डोकं मोठं होतं, खाली फाटलं आणि बरेच टाके घालावे लागले. डॉक्टरीणबाईंनी घरी पाठवताना मला समजावून सांगितलं. जागा साध्या पाण्याने धुवायची, कोरडी ठेवायची, आणि सहा आठवड्यांनी तपासायला आणायचं. परतीची तारीख त्यांनी कार्डावर लिहून दिली. मी ते कार्ड देवघराच्या फळीवर ठेवलं, म्हणजे नजरेसमोर राहावं.

आपल्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालायला, मालिश करायला एक बाई येते. आमच्याकडे यायची तिला तुमच्या आईच्या वेळचंही सगळं पाठ. बडबडी बाई. पहिल्याच दिवशी तिने बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या, धूर झाला.

"पाय पसरून नीट निज, माय. खालची जागा आटली पाहिजे."

मावशी म्हणाली, "भाजायलंय मला. टाक्यांना चटका बसायलाय."

"बसू दे की. तुझ्या मायनं घेतला, तुझ्या बहिणीनं घेतला. कुणी मेलं का?"

"बहिणीला टाके नव्हते."

"लय नाजूक हाय बाई तुमची पोर," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "पुस्तकं वाचून कातडी पातळ झाली हिची."

मावशीने शेगडी काढायला लावली. त्या दिवसापासून शेगडीवर टोपली पालथी घालून आम्ही बाळाची दुपटी वाळवू लागलो, कारण आषाढात दोरीवर काही वाळत नव्हतं. मालिशवाली रोज म्हणायची, "शेगडी आईची, शेक दुपट्याला." म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. शरीराच्या त्या भागाला माझ्याजवळ इंग्रजी शब्द होता आणि डॉक्टरांसमोर तो मी न अडखळता वापरत होते. लेकीसमोर तो तोंडात येईना. मराठीत एक शब्द पुस्तकातला, दुसरा शिवीतला. म्हणून मीही सगळ्या बायकांसारखी "खालची जागा" म्हणायची. "खालची जागा बरी आहे ना?" ती म्हणायची, "आहे." हा प्रश्न मी रोज विचारायची, आणि रोज तेच उत्तर मिळायचं.

सव्वा महिना श्रावणात भरला. सव्वा महिन्याला आपल्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालतात, मग ती बाळ घेऊन विहिरीवर जाते, हळदकुंकू वाहते, पाण्याची पूजा करते. त्यानंतर ती देवघरात जाऊ शकते, स्वयंपाकाला हात लावू शकते. आपल्या वसाहतीत विहीर नाही. अंगणातल्या बोअरच्या पाइपालाच मावशीने कुंकू लावलं, पाच खडे मांडले, आणि आजोबांनी आतून मोटार सुरू केली तेव्हा पाणी उसळून तिच्या साडीवर आलं. सगळ्या हसल्या. झरीहून मावशीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई (मावशी त्यांना आत्याबाई म्हणते), सहा-सात बायका घेऊन आल्या होत्या. पुरणपोळ्या झाल्या होत्या. घर भरलं होतं.

आणि दवाखान्यात जायची तारीख त्याच आठवड्यात होती. विहीणबाईंनी आधीच फोन करून दिवस ठरवला होता, पाहुण्यांची वर्दळ दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की तपासणी पुढे ढकलू. बाळाची लस मात्र त्या गडबडीतही आजोबांनी रिक्षाने जाऊन देऊन आणली. लस महत्त्वाची, हे सगळ्यांना माहीत होतं. आईचं काय, तिचं न्हाणं तर झालं. कार्ड फळीवर राहिलं, त्यावर प्रसादाची वाटी आली.

जाताना विहीणबाई मावशीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "सव्वा महिना झाला, मोकळी झालीस, बाई. आता तिसऱ्या महिन्यात पाठवा, विहीणबाई. घर लय सुनं लागायलंय."

आपल्याकडे बाळंतिणीला सासरी विषम महिन्यात पाठवतात. तिसरा, नाहीतर पाचवा. मी हो म्हटलं. मावशीने बाळाचं टोपडं सारखं केलं.

त्या दिवशी काका प्रथमच तिच्या खोलीत गेले. सव्वा महिन्याआधी बाळंतिणीच्या खोलीत नवऱ्याने जाऊ नये, असं त्यांच्या घरी मानतात. मी चहा घेऊन गेले तर ते दाराला लागून खुर्चीवर बसलेले, आणि मावशी भिंतीला टेकून, बाळ मांडीवर, दोन्ही गुडघे वर घेतलेले. दोघंही बाळाकडेच बघत होती. मी आत गेल्यावर दोघांनाही सुटल्यासारखं झालं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला खटकलं.

भाद्रपद लागला. विहीणबाईंचा फोन आला, गौरी झाल्या की पाठवा. मावशी म्हणाली, बाळाला सर्दी आहे. सर्दी बरी झाली. मग म्हणाली, पुढची लस झाल्यावर. लस झाली. मग म्हणाली, झरीचा रस्ता खराब आहे. रस्ता खराब होता हे खरं, पण तिचं लग्न झाल्यापासून तो तसाच होता. काकांचा फोन आला की ती बाळाच्या कानाशी धरायची आणि स्वतः खोलीबाहेर जायची. रविवारी काका यायचे तर ती नेमकी न्हाणीत असायची, आणि पाण्याचा आवाज पुष्कळ वेळ येत राहायचा.

मालिशवालीने एक दिवस माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "जावयाचं नि हिचं काही वाजलंय का, बाई?"

"नाही. का?"

"न्हाई, असंच. पालमच्या माझ्या भाचीचं असंच झालतं. तिसरा म्हणता पाचवा झाला, पाचवा म्हणता वर्ष. मग त्येनं दुसरी आणली."

तिला काय, ती बोलून गेली. माझा दिवस गेला, रात्रही गेली. आजोबांना सांगितलं तर ते वर्तमानपत्र घडी घालून म्हणाले, "भांडण असेल तर मिटेल. आपण मध्ये पडू नये." आणि वर्तमानपत्र पुन्हा उलगडलं. मी मात्र एकेक गोष्ट बघू लागले. ती खुर्चीवर एका बाजूला भार देऊन बसते. उठताना ओठ आत घेते. एकदा तिच्या टॉवेलवर डाग दिसला. मी विचारलं तर म्हणाली, "पाळी आली असेल." अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी इतक्या लवकर कधी येते, कधी येत नाही. पण डाग लहान होता, आणि पुन्हा पुन्हा दिसत होता.

एका दुपारी बाळ झोपलं होतं. आम्ही दोघी दुपट्यांच्या घड्या घालत होतो. मी मान वर न करता म्हटलं, "तुला झरीला जायचं नसेल तर स्पष्ट सांग. त्यांनी काही केलं का? मारलं? कुणी दुसरी आहे का?"

"काय बोलतेस, आई."

"मग?"

तिने हातातलं दुपटं तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "मला दुखतं."

"कुठे?"

"तिथेच. टाक्यांच्या जागी. आत एक मण्यासारखं काहीतरी आहे. धुताना बोट लागलं तरी काच लागल्यासारखं होतं. रक्त येतं."

"अगं, मी रोज विचारत होते ना? खालची जागा बरी आहे का म्हणून?"

"तू दारातून विचारायचीस. मालिशवाली समोर, बाबा पुढच्या खोलीत. काय सांगू?"

ती पुढे बोलू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "आत्याबाई म्हणाल्या, मोकळी झालीस. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. म्हणजे तिकडे गेले की पहिल्याच दिवशी आमचं अंथरूण एका खोलीत. आणि मला बोट सहन होत नाही, आई. मी नाही म्हणणार तरी किती दिवस? पाचव्या महिन्यापासून नाहीच म्हणतेय. माणूस कंटाळणार नाही का?" मग थोडं थांबून म्हणाली, "कंटाळलाच आहे. हातसुद्धा लावत नाही मला. बाळ घेतानासुद्धा माझ्या हाताला हात लागू देत नाही. मी त्याला नकोशी झालेय."

तो जवळ येईल म्हणून ती घाबरत होती, आणि तो जवळ येत नाही म्हणूनही रडत होती. दोन्ही खरं होतं. तिचं रडणं मी फार लिहीत नाही, तिने सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. फळीवरचं कार्ड काढलं तेव्हा वाटीचा तेलकट गोल डाग पडला होता, नेमका तारखेवर. रांग मोठी होती. बाकावर बसायला जागा मिळाली तरी मावशी उभीच राहिली, आणि आता तिच्या उभं राहण्याचं कारण मला माहीत होतं. मला काय काय सुचत होतं ते सांगत नाही. गाठ, काही वाईट, ऑपरेशन, बाळ आईच्या दुधाला मुकेल. इंग्रजी येत असल्याचा एक तोटा असतो, माणूस फोनवर नको ते वाचत बसतो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी पडद्याच्या अलीकडे बाळाला घेऊन बसले होते. मावशीचा एकदा श्वास ओढल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. जखम भरताना कधीकधी कच्चं मांस जास्त वाढतं. तेच आहे हे. औषध लावते, थोडं झोंबेल. दोन-तीन वेळा लावावं लागेल. पण तुम्ही सहा आठवड्यांनी का आला नाहीत?"

मावशी आतून म्हणाली, "सव्वा महिन्याचा कार्यक्रम होता."

"कार्यक्रम झाला म्हणजे जखम भरली का?"

मी बाहेरून विचारलं, "शेकाने झालं का हे? पहिल्या दिवशी शेगडी ठेवली होती." नाही, त्या म्हणाल्या, याने नाही, पण ताज्या टाक्यांना निखाऱ्याची धग कशाला द्यायची. कुणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं, आणि मला त्या वेळी दोष द्यायला कुणीतरी हवं होतं.

मावशी कपडे सारखे करून बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं. ते मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिते, कारण यासाठीच हे लिहायला घेतलं. बाळाला पाजणाऱ्या आईचं शरीर आतून कोरडं पडतं, त्यामुळे जखम नसली तरी दुखू शकतं. त्याला औषधाच्या दुकानात साधं जेल मिळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम असतो, तो लघवी रोखल्यासारखा करायचा, पण लघवी करताना नाही. इच्छा होत नसेल तर तेही नेहमीचं आहे, झोप नाही, अंग थकलेलं. पाजत असताना दिवस राहत नाहीत या भरवशावर राहायचं नाही, त्याचं वेगळं विचारा. "आणि सहा आठवडे ही तपासायची वेळ आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सगळं सुरू करायचं, असा तो मुहूर्त नाही. तुम्हाला हवं असेल तेव्हा, आणि दुखत नसेल तर. दुखलं तर थांबायचं आणि माझ्याकडे यायचं. दात खाऊन सोसायचं नाही. यजमान कुठे आहेत?"

"झरीला," मावशी म्हणाली.

"पुढच्या वेळी सोबत आणा."

पुढच्या वेळी काका आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, जसे कुठल्या कचेरीत निघालेत. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही तेच सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. काका खाली बघत ऐकत होते, कान लाल झाले होते. मी उठून जाऊ लागले तर बाळ नेमकं रडायला लागलं आणि मी दाराशीच त्याला हलवत उभी राहिले.

"काही विचारायचं आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "मॅडम, ते मागं तुमी बंद सांगितलं होतं."

"काय बंद?"

"जवळ जायचं. पाचव्या महिन्यात. ते उठलं का?"

डॉक्टरीणबाईंना कळायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "अहो, ते सातव्या महिन्यातच उठलं. वार वर गेली तेव्हाच."

"आमाला कुणी सांगितलं न्हाई," काका म्हणाले. "मला वाटलं, चालूच हाय. हात लावला नि काही झालं तर."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहिलं असेल. "म्हणून तुम्ही खुर्चीवर बसायचात?"

"मग काय. पलंगाला धक्का लागायचा."

ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. काकांनी काय करावं ते न कळून टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात धरायला तर तेव्हाही बंदी नव्हती."

रस्त्यात, रिक्षा शोधताना, मी बघितलं. काकांनी तिच्या कोपराला धरून तिला खड्डा ओलांडून दिला. पण माझी काळजी अजून संपली नव्हती. जखम भरायला वेळ होता, आणि विहीणबाई गौरी झाल्यावर पाठवा म्हणून बसल्या होत्या. त्यांना काय सांगायचं? काका म्हणाले, "आईला मी न्हाई सांगू शकत." मावशी म्हणाली, "मी तर नाहीच." दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

विहीणबाई स्वतःच आल्या, एसटीने, एकट्या. पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, पाणी प्याल्या, आणि सरळच म्हणाल्या, "विहीणबाई, पोरगी यायची न्हाई का? काय असंल ते तोंडावर सांगा. गावात बाया विचारायल्यात मला."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. लाज वाटत होती, पण मी सांगितलं. जखम भरली नव्हती, तपासणी आपण सगळ्यांनी पुढे ढकलली, आता औषध चालू आहे, आणि डॉक्टर म्हणतात की पूर्ण बरं झाल्याशिवाय नवरा-बायकोने जवळ यायचं नाही. आणि मुलगी त्याच भीतीने येत नव्हती. मी त्यांच्याकडून टोमण्याची वाट बघत होते. आजकालच्या पोरी, एवढ्याशा टाक्याचं काय कौतुक, असं काहीतरी.

त्या बराच वेळ लाडवाच्या डब्याचं झाकण दाबून बसवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला थोरल्याच्या वेळी असंच झालतं."

"मग?"

"मग काय. कुणाला सांगणार. सव्वा महिना झाला की धाडलं. अंधार पडायला लागला की मी डोस्कं दुखतंय म्हणून पडून ऱ्हायची. सासूला वाटायचं, पोरगी कामचोर हाय, संध्याकाळीच अंग टाकते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दुसरं होईपर्यंत गेलं न्हाई ते."

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला. त्याच म्हणाल्या, "पाचव्यात पाठवा. दिवाळी होऊ द्या. गावाला मी सांगते, पितृपक्ष आडवा आला, पितरांच्या दिवसांत लेकरू आणत न्हाईत आमच्यात."

"पण गौरी गेल्यावर पितृपक्ष लागायला आठवडा असतो."

"गावात पंचांग कोण बघायलंय?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "आणि आमच्या घरी ती आली की पहिले काही दिवस माझ्याजवळ निजंल. लेकराला आजीची सवय लागावी म्हणून. म्हणजे तिलाबी कुणाला काही सांगायला नको."

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई असं म्हणाल्या?" आणि मग, "त्यांना पण?"

औषध आणखी दोनदा लावलं. आश्विनात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान भरली आहे जखम. दिवाळीनंतर आम्ही मावशीची ओटी भरली आणि पाळण्यासकट तिला झरीला पाठवलं. काकांनी गाडीत मागच्या सीटवर उशी आणून ठेवली होती. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. आजोबा म्हणाले, "आता झालं ना सगळं नीट?" मी हो म्हटलं, पण झालेलं नव्हतं. जखम भरली हे डॉक्टरांना दिसलं. भीती गेली का, ते कुठे दिसतं?

त्यानंतर मी रोज फोन करायची. बाळ काय करतंय, पालथं पडतंय का, वरचं काही द्यायला लागलीस का. विचारायचं होतं ते विचारता येत नव्हतं, आणि तीही बाळाचंच सांगायची. आवाजावरून अंदाज काढत मी फोन ठेवायची. एक दिवस आवाज थकलेला वाटला की दोन दिवस मला चैन पडायचं नाही. आत्याबाईंजवळच झोपते की नाही, तेही विचारलं नाही. दारातून विचारण्यासारखंच ते झालं असतं.

पौष लागला होता. मी अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आजोबा शेजारी खुर्चीत. फोन वाजला. मावशीचा, तिच्या नेहमीच्या वेळेचा नव्हता. मी शेंगा बाजूला सारल्या. मी फोन घेऊन बोअरपाशी गेले, आजोबांपासून लांब.

"काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"बाळ झोपलंय," ती म्हणाली. मागे कुठेतरी विहीणबाई कोंबड्यांना हाकलत होत्या, ते ऐकू येत होतं.

"आई," ती म्हणाली, "दुखलं नाही."

मी पाइपाला धरून उभी राहिले. त्यावर श्रावणातलं कुंकू अजून जरासं होतं.

"बरं," मी म्हटलं. आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "जेवलीस का?"